नारळ उभा राहतो तेव्हा

नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे. हात कोपरात वाकवून पोटासमोर धरायचा आणि शेतातून सावकाश चालत राहायचं. खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो, असं जमिनीतलं पाणी शोधून देणारे पाणाडी सांगतात. मी हे स्वतः करून पाहिलं आहे, आणि नारळ उभा राहिला. पूर्वेकडच्या बांधापासून वीसेक पावलांवर तो थरथरला आणि शेंडी वर करून उठला. मी हात हलवला नव्हता, निदान मला तशी खात्री होती. अंगावर काटा आला.

ज्याला हा अनुभव आला आहे त्याला ‘हे थोतांड आहे’ म्हणून उपयोग नाही. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. नारळ उठला हे खरंच आहे. तो पाण्यामुळे उठला का, एवढंच तपासायचं असतं. आणि ते तपासायला हवं, कारण नारळ उठतो त्या जागी शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो.

सर्वांत सोपी परीक्षा एका माणसाला दोन मदतनीस घेऊन करता येते. आधी उघड्या डोळ्यांनी फिरा, नारळ उठेल तिथं खुंटी ठोका, तिची जागा मोजून लिहा आणि ती उपटा. मग डोळे घट्ट बांधा. पहिल्या मदतनिसानं तुम्हाला वाकड्यातिकड्या वाटेनं शेतात फिरवायचं, म्हणजे दिशेचा अंदाज राहणार नाही. नारळ उठला की तिथं दुसरी खुंटी. दुसऱ्या मदतनिसानं तिची जागा पावलांनी मोजून वहीत लिहायची आणि खुंटी उपटायची. असं दहा वेळा. पाणी काही जागा बदलत नाही, तेव्हा नारळाला पाणी कळत असेल तर सगळ्या खुंट्या एका ठिकाणी गोळा व्हायला हव्यात.

यात एक पथ्य कडक आहे. फिरवणाऱ्याला पहिली खुंटी कुठं होती हे माहीत नसावं. माहीत असेल तर तिथं त्याचं पाऊल नकळत मंदावतं, पकड बदलते आणि ते तुम्हाला कळतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. ओस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकतो. तो माणसाच्या मानेच्या बारीक हालचाली वाचत होता, आणि मालकालाही त्याचा पत्ता नव्हता. फसवणूक कुणाचीच नव्हती.

माझ्या दहा फेऱ्यांत नारळ नऊ वेळा उठला. पहिल्या खुंटीच्या पाच पावलांच्या आत त्यातली एकच जागा होती. बाकीच्या आठ शेतभर विखुरलेल्या.

मग हात का हलतो? इच्छा नसताना, नुसत्या अपेक्षेनं स्नायू हलतात. विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्यानं १८५२ मध्ये या क्रियेला नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेनं, प्रेतात्मे हलवतात असं मानल्या जाणाऱ्या टेबलांवर प्रयोग केले. हातांखाली एकमेकांवर सरकणारे थर ठेवले, तेव्हा वरचा थर आधी सरकतो असं दिसलं. म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हात टेबलाला ढकलत होते. तळहातावरचा नारळ तर असा डळमळता तोललेला असतो की बोटं किंचित वाकली तरी तो उठतो. काही पाणाडी नारळाऐवजी उंबराचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची फांदी, दोन्ही मुठींत ताणून धरतात. त्या ताणामुळे मनगट जरासं वळलं तरी ते जोरात खाली किंवा वर फिरतं. हालचाल एवढीशी आणि परिणाम एवढा मोठा, म्हणून ती आपली वाटतच नाही.

आमच्या गावच्या पाणाडी तात्यांना मी माझ्या खुंट्यांच्या नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, “तुझ्या हातात गुण नाही, त्याला तू काय करणार?” आक्षेप रास्त होता. ज्याचा दावा आहे त्याचीच परीक्षा घ्यायला हवी, आणि त्याला मान्य असलेल्या पद्धतीनं. मग दुसरा प्रयोग मांडला.

विहिरीपासून शेताखालून पाइपलाइन गेली आहे. मोटर सतत चालू ठेवायची. कॉक एका बाजूला फिरवला की पाणी शेताखालून वाहतं, दुसऱ्या बाजूला फिरवला की परत विहिरीत पडतं. मोटर अखंड चालू असल्यानं तिच्या आवाजावरून काही कळत नाही. पाइपाचं दूरचं तोंडही नजरेआड, आवाज ऐकू येणार नाही अशा जागी हवं. आधी पाणी शेताखालून वाहतंय हे सांगून तात्यांना पाइपावर उभं केलं. नारळ उठला. पाणी विहिरीत वळवलंय सांगितल्यावर उठला नाही. पद्धत त्यांना पटली. ही पायरी कधी गाळू नये, नाहीतर नंतर ‘पाइपातलं पाणी चालत नाही’ असा वाद उरतो.

मग माझा भाऊ विहिरीपाशी, भिंतीआड. प्रत्येक फेरीला नाणं उडवायचं, छापा आला तर शेताखालून, काटा आला तर विहिरीत. मनानं ठरवायचं नाही, कारण माणूस मनानं ठरवू लागला की आलटूनपालटून करतो. तात्यांशेजारी मी होतो आणि मलाही कॉक कोणत्या बाजूला आहे ते ठाऊक नव्हतं. फेऱ्या वीस. नुसत्या अंदाजानं सरासरी दहा बरोबर येतात. सोळा किंवा जास्त बरोबर येण्याचा योग सुमारे १७० वेळांत एकदा, म्हणून सोळाची रेघ आम्ही आधीच ठरवून वहीत लिहिली. निकाल पाहून रेघ सरकवायची नसते.

जर्मनीत कासेलला १९९० मध्ये सुमारे ३० पाणाड्यांची परीक्षा अशीच झाली होती. पाइप ५० सेंटिमीटर खोल पुरलेला, जागा वरून आखलेली, आणि पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. पद्धत सर्वांना आधी मान्य होती. निकाल नाणेफेकीइतकाच आला. त्याआधी १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी ८४३ चाचण्या दिल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यात काही जण खरे वाटले. जिम एन्राइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते यश योगायोगापलीकडे जात नाही असं दिसलं.

तात्यांचे नऊ बरोबर आले. त्यांनी स्वतः जाऊन कॉक पाहिला, हात लावून पाहिला आणि उद्या पहाटे पुन्हा वीस फेऱ्या करू म्हणाले. पहाटे अकरा आले.

ते बराच वेळ बांधावर बसून होते. मग म्हणाले, “असं असेल तर माझ्या बोअरींना पाणी कसं लागतं?”

यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न मला हाच वाटतो. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा. वर मुरूम, खाली काळा पाषाण, मधे मांजऱ्या खडक, गेरूचे थर. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. ते अनेक जागी कमीअधिक सापडतं, फक्त किती आणि किती खोल हे बदलतं. म्हणून नारळ उठला तिथं पाणी लागलं, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नारळ उठला नाही तिथं कुणी बोअर मारतच नाही, मग तुलना कशाशी करणार? शिवाय तात्यांना माती कळते. ओढ्याचं वळण, उंबर, वारूळ, चैत्रातही हिरवा राहणारा पट्टा हे त्यांची नजर आधी टिपते. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. तात्यांचं खरं ज्ञान त्या जातीचं आहे, नारळ नंतर उठतो.

त्या दिवशी आम्ही एक नवी वही सुरू केली. तात्यांनी दाखवलेली प्रत्येक बोअर, किती फुटांवर पाणी, किती इंची, जवळ कोणतं झाड, ओढा किती अंतरावर. पहिल्या बैठकीत त्यांना सोळा आठवल्या. कोरड्या गेलेल्या पाच त्यांनी न विचारता सांगितल्या.