बिट वाढले म्हणजे खेळ सुधारला?
1990च्या दशकात व्हिडिओ गेमच्या जाहिराती 8, 16, 32, 64 बिट असे आकडे मिरवत. गिरगावाजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेलेल्या मुलाला 64 म्हणजे 8च्या आठपट सरस वाटले, तर नवल नाही. पण 8 बिटांचा प्रोसेसर एका दमात 0 ते 255 याच संख्या हाताळतो. मग पडद्यावर हजारो गुण कसे दिसतात? आपण हातचा घेऊन मोठी बेरीज करतो, तसेच तोही टप्प्याटप्प्याने करतो. वेळ अधिक लागतो, इतकेच. 1996 सालच्या ‘निन्टेंडो 64’वरील बहुतेक खेळ तर 32 बिटांतच गणिते करीत. चित्रांचा दर्जा मेमरी, चित्रे काढणारी चिप यांवरही ठरतो. आकडा ऐकला, की आपण विद्यार्थ्यांना विचारू या : हा नेमके काय मोजतो?