कांजिण्यांचे वय

माघ-फाल्गुनात वऱ्हाडातील उन्हे तापू लागली, की कांजिण्यांची साथ दरसाल कोठे ना कोठे डोके वर काढते. आणि ती एखाद्या शाळेत शिरली तर कोणी फारसे दचकत नाही, कारण हा लहान मुलांचा, आठवडाभरात उतरणारा आजार आहे अशी आपली पिढीजात समजूत आहे. अमरावतीच्या गाडगेनगरातील मुलींच्या एका वसतिगृहात मी ही साथ जवळून पाहिली. तेथे मात्र अंथरुणावर पडलेल्यांत अठराच्या आतली एकही नव्हती.

चौकशीस आलेल्या आरोग्यसेविकेने प्रथम रुग्ण पाहिले. पोटापाठीवर दाट आणि हातापायांवर विरळ असे पुरळ, आणि वीतभर जागेत तांबडा ठिपका, पाणी भरलेला फोड व सुकलेली खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी नांदत असलेल्या, ही कांजिण्यांची खूण. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर अधिक, व सारे एकाच अवस्थेतले असत. 1975 साली देवी देशातून गेली. परंतु ती खरोखरच गेल्याची खातरजमा करीत हिंडणाऱ्या पथकांना, प्रौढ इसमास कांजिण्या झाल्याची इत्तला मिळाली की ती देवीच तर नव्हे, हे पाहण्यास तेथे विशेष दक्षतेने जावे लागे.

रुग्ण पाहून झाल्यावर ती निरोगी मुलींकडे वळली, आणि माझ्या मते तिच्या कामाचा महत्त्वाचा भाग येथूनच सुरू झाला. वहीत नाव, वय, गाव, तालुका असे रकाने आखून शेवटच्या रकान्यासाठी ती प्रत्येकीला विचारीत होती, “लहानपणी कांजण्या झाल्त्या काय?” “मले नाई आठवत जी, मायले इचारतो,” असे म्हणून एकीने घरी फोन लावला, आणि पलीकडून उत्तर आले, “कांजण्या नाई वं, तुले गोवर निंगला होता.” सेविकेने ते उत्तर तसेच्या तसे लिहून घेतले. आईने ‘झाल्या’ म्हटले तर त्यावर बहुधा विसंबता येते. ‘नाही’ म्हटलेल्यांपैकी पुष्कळांच्या रक्तात मात्र प्रतिकारशक्ती आढळते, कारण दोन-चार फोडांवर निभावलेला आजार घरच्यांच्या लक्षातही राहत नाही.

तरीही वही भरत गेली तसा एक भेद डोळ्यांत भरू लागला. अमरावती, अकोला, अचलपूर अशा शहरांतल्या मुली बहुतेक ‘झाल्या’ म्हणत होत्या. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याकडील पाड्यांतून आलेल्या मुली ‘नाही’ म्हणत होत्या. या विषाणूला माणसांची दाटी लागते. शहरातल्या मुलाला तो बालवाडीतच गाठतो. दूरच्या लहान वस्तीत तो वर्षानुवर्षे पोहोचतच नाही, आणि तेथील मूल शिक्षणासाठी वसतिगृहात आले म्हणजे प्रथमच त्याच्या कक्षेत येते. शिवाय उष्ण प्रदेशांत हा आजार थंड देशांपेक्षा मुळातच उशिरा होतो. भारतातील काही शहरांत झालेल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या रक्ततपासणीत एक ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 29 टक्के, पाच ते दहा वयोगटात निम्मी, अकरा ते पंधरात सत्तरीच्या थोडी वर आणि तिशी-चाळिशीत सुमारे 91 टक्के माणसे संरक्षित आढळली. म्हणजे शहरांतसुद्धा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येणाऱ्या पाच जणांमागे साधारण एक जण उघडाच असतो.

ही प्रतिकारशक्ती डोळ्यांनी पाहायची तर प्रयोगशाळेत जावे लागते. अकोल्यात मी ती पाहिली. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची तबकडी, प्रत्येक खळग्याच्या तळाशी विषाणूचे प्रथिन चिकटवलेले. त्यात रक्तद्रवाचा विरळ केलेला अंश सोडायचा, ठरलेला वेळ थांबायचे, धुवायचे, पुढचे द्रव्य घालायचे, पुन्हा धुवायचे. शेवटी रंगद्रव्य पडताच काही खळगे निळे होतात आणि आम्लाचा थेंब पडला की हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. एक खळगा अखेरपर्यंत निर्मळ राहिला. तो परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीचा होता. लवकरच जिला रुग्णांच्या खाटांमधून वावरायचे होते, तिच्याजवळ संरक्षण नव्हते, आणि ते वेळेवर कळले याचे मला मोठे समाधान वाटले.

कारण प्रौढ वयात कांजिण्या फुप्फुसांवर उतरण्याचा संभव वाढतो. गर्भवतीला त्या अधिकच जड जातात, आणि प्रसूतीच्या अगदी आगेमागे आईला पुरळ उठले तर नवजात बालकाच्या जिवावर बेतते. जपानमधील मिचिआकी ताकाहाशी यांनी, स्वतःच्या मुलाला झालेला कडक आजार पाहून, 1974 साली या रोगाची लस सिद्ध केली. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही, ऐपत असलेले पालक खासगी डॉक्टरांकडून ती मुलांना टोचवून घेतात. अशा अर्ध्यामुर्ध्या लसीकरणाने साथ मंदावते खरी, पण त्यामुळे न टोचलेल्या मुलाची गाठ विषाणूशी आणखी उशिरा पडते. म्हणूनच मुलांपैकी किमान ऐंशी टक्क्यांपर्यंत लस सातत्याने पोहोचवता येईल तेथेच तिचा सरकारी कार्यक्रम घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविले आहे.

तोवर एवढे तरी व्हावे. वसतिगृहांनी प्रवेशअर्जातच कांजिण्यांचा रकाना ठेवावा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची रक्ततपासणी करावी किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना, गर्भवती वगळून, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने लसीच्या दोन मात्रा द्याव्यात. आणि मेळघाटातून येणाऱ्या मुलींसाठी हा खर्च संस्थेने किंवा शासनाने उचलावा.