अंग आंबणे वेगळे, उसण भरणे वेगळे



आपल्या भागातल्या कित्येक गावांत आता तालमीच्या हौद्याशेजारी लोखंडी बार आणि वजनाच्या प्लेटा येऊन पडल्या आहेत. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी आपली पोरे दंड-बैठकांच्या जोडीला डेडलिफ्ट शिकू लागली आहेत. डेडलिफ्ट म्हणजे काही विलायती जादू नव्हे. जमिनीवर पडलेला वजनाचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि पाठ ताठ ठेवून उभे राहायचे, एवढेच. आपण खताचे पोते उचलतो, उसाची मोळी उचलतो, विहिरीवरची मोटर उचलतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. म्हणून हा लेख तालमीतल्या पोरांसाठी जितका आहे तितकाच पोती उचलणाऱ्या त्यांच्या वडिलांसाठीही आहे.

या बाबतीत दोन तऱ्हेची माणसे फसतात, आणि दोन्ही आम्ही जवळून पाहिली. पहिला एका सभासदाचा मुलगा. पहिल्याच दिवशी दोस्तांच्या नादाने त्याने पन्नास-साठ वेळा बार उचलला. दुसऱ्या दिवशी जरा जड वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी गड्याला शौचाला बसता येईना, पायरी उतरता येईना. आईने घाबरून तालीम बंद केली. वास्तविक त्याला काहीही झालेले नव्हते. दुसरा माणूस म्हणजे आम्हीच. ट्रॉलीतून डीएपीचे ५० किलोचे पोते अंग पिळून बाहेर ओढताना कमरेत चमक निघाली. ‘अंग आंबलंय, चार दिवसांत जाईल’ असे म्हणत आम्ही वीस दिवस तेल चोळत बसलो. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची, तिकडेही लक्ष दिले नाही. डॉक्टरांनी पाऊल वर उचलायला सांगितले तेव्हा ते धड उचलेना. नस दबली होती. पायात जोर परत यायला पुढे पाच महिने गेले आणि त्या साली आमची लागण दुसऱ्याच्या हातून झाली.

ज्याला काही झाले नव्हते तो घाबरला आणि ज्याला झाले होते तो निवांत राहिला. दोन्ही दुखणी वेगळी ओळखता आली असती तर हे टळले असते.

आपल्या बोलीत या दोहोंना पूर्वीपासून वेगळे शब्द आहेत. अंग आंबते, आणि उसण भरते. आंबण्याबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. दूध आंबते तसे अंग आंबते, म्हणजे आत काहीतरी आंबट साचते, अशी या शब्दामागची समजूत दिसते. गंमत अशी की व्यायामाच्या पुस्तकांतूनही पुष्कळ वर्षे हेच छापले जाई: स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून अंग दुखते. ते खरे नाही. ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते, आणि अंग तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखते. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना एकदा सपाट आणि एकदा उताराच्या पट्ट्यावर पळवून पाहिले. सपाटीवर रक्तातले आम्ल वाढले, पण पुढे अंग दुखले नाही. उतारावर आम्ल वाढले नाही, पण अंग मात्र दुखले.

रायगड चढून उतरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चढताना दम लागतो, पण दोन दिवस मांड्या भरून राहतात त्या उतरण्यामुळे. स्नायू ओझे पेलत पेलत लांब होतो तेव्हा त्याच्या आतले बारीक धागे जागोजागी उसवतात. मग शरीर त्यांची डागडुजी करते, तिथे थोडी सूज येते, आणि या कामाला वेळ लागतो म्हणून दुखणे उशिरा उठते. डेडलिफ्टमध्ये बार खाली ठेवताना मांडीच्या मागच्या स्नायूंचे नेमके हेच होते. डागडुजी झालेला स्नायू पुढच्या खेपेला त्याच कामाने इतका दुखत नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तोडणी कामगारांचे अंग ठणकते आणि महिन्याभराने तेच काम सहज होते, ते यामुळेच.

आता ओळखायचे कसे ते सांगतो.

आंबलेले अंग वजन उचलताना दुखत नाही. साधारण बारा ते चोवीस तासांनी सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो, आणि पाच-सात दिवसांत उतरते. दुखणे बोथट असते, पसरलेले असते, आणि दोन्ही अंगांना साधारण सारखे असते. डेडलिफ्टनंतर कुल्ले, मांडीची मागची बाजू, खांद्यांमधला भाग, आणि कण्याच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्या भरून येतात. दाबले की दुखते. उठताना पहिली चार पावले अवघड जातात, पण चालले, गरम पाण्याने अंघोळ केली, की मोकळे वाटते. चालण्याने हलके होणे ही चांगली खूण समजावी.

इजा बहुतेक वेळा त्याच क्षणी कळते. वजन उचलता उचलता कट्‌कन आवाज आल्यासारखे होते, चमक निघते, माणूस जागीच वाकलेला राहतो. दुखणे बहुधा एका बाजूला असते आणि बोट ठेवून दाखवता येते. हालचाल केली की वाढते. स्नायू खरोखर फाटला असेल तर एक-दोन दिवसांत तिथे सूज किंवा काळे-निळे दिसते. सांध्यात दुखणे, विश्रांती घेऊनही न थांबणे, रात्री झोपेतून उठवणे, आठवडा उलटला तरी उतार न पडणे, यांतले काहीही आंबण्यात बसत नाही.

एक अडचण मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कमरेच्या बाबतीत नुसत्या वेळेवर विसंबून चालत नाही. मणक्यांमधली गादी दुखावते तेव्हा काही वेळा उचलताना काहीच कळत नाही आणि सकाळी अंथरुणातून उठतानाच कंबर धरते. या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर किंवा त्याहून थोडा उंच भरतो तो त्यामुळे. म्हणून उठल्या उठल्या जड ओझ्याला वाकू नये, आणि कमरेचे दुखणे असेल तेव्हा वेळेपेक्षा ते कुठे जाते याकडे लक्ष द्यावे. खोकला किंवा शिंक आली की कळ कमरेतून कुल्ल्यात, मांडीत आणि गुडघ्याखाली पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी उतरते का? पायाला मुंग्या येतात का, भाग बधिर वाटतो का? आंबलेले अंग मुंग्या आणत नाही. आम्हाला हे कोणी वेळेवर सांगितले असते तर आमचे तेलाचे पैसे वाचले असते.

घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात. भिंतीच्या आधाराने दहा पावले टाचांवर चालावे आणि दहा पावले चवड्यांवर. एका पायाचे पाऊल वर राहत नसेल किंवा एका चवड्यावर भार पेलवत नसेल, तर थेट डॉक्टरकडे जावे. दुसरे, उताणे झोपून घरच्या कोणाला तरी पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलायला सांगावे. मांडीमागे ताण बसणे सगळ्यांनाच होते. पण अर्ध्या उंचीतच गुडघ्याखाली कळ गेली तर नसेचा संशय धरावा.

दोन प्रसंगी सकाळची वाट पाहू नये. लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसण्याची जागा आणि जांघांचा आतला भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यावे. यात काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो. आणि ज्याने पहिल्याच दिवशी अतोनात व्यायाम केला त्याचे स्नायू फुगून दगडासारखे झाले, हातापायांतला जोर गेला आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ लागली, तर स्नायूंचा नाश होऊन त्यातला अंश मूत्रपिंडात अडकत असतो. हे क्वचित घडते, पण उन्हाळ्यात, पाणी न पिता केलेल्या व्यायामात जास्त घडते. अशा वेळी वरून दुखीची गोळी घेतल्यास मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढतो.

गोळीचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो की गोळी खाऊन वजन उचलायला जाऊ नये. दुखणे झाकले जाते आणि इजा वाढते. आंबलेल्या अंगाला हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही, पण नुकत्याच फाटलेल्या स्नायूला पहिले दोन-तीन दिवस रगडू नये. कंबर धरलेल्या माणसाच्या पाठीवर पोराला उभे करून तुडवून घ्यायची चाल अजून काही घरांत आहे. पाय बधिर असताना ती तर मुळीच करू नये.

अंथरुणाला खिळून राहणेही उपयोगाचे नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कंबरदुखीच्या काही रोग्यांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले होते. सात दिवसवाल्यांना जास्त गुण आला नाही, कामाचे खाडे मात्र जास्त झाले. नसेची लक्षणे नसलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत हिंडते-फिरते राहूनच बरी होते. एमआरआयचा कागद पाहूनही लगेच हाय खाऊ नये. १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांची अशी तपासणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत कुठली ना कुठली गादी फुगलेली आढळली होती.

शिकणाऱ्या पोरांना दोन शब्द. ठरावीक मापाच्या मोठ्या प्लेटा ४५ सेंटीमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. आपल्या तालमींत बहुधा लहान प्लेटा असतात, बार फार खाली जातो, आणि तो धरायला पाठीची कमान होते. निम्म्या इजांचे मूळ आम्हाला इथेच दिसते. दोन्हीकडे विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून बार तेवढ्या उंचीवर आणावा. बार नडगीला लागून वर यावा. गुडघ्यांपेक्षा कमरेच्या सांध्यात मोडावे, पाठ सपाट ठेवावी. पहिले दोन आठवडे वजन इतके कमी असावे की दोस्त हसतील. आठवड्यातून दोनदा, दर खेपेला दहा-पंधरा वेळा उचलणे पुरे. अंग आंबलेले असताना जायचे झाल्यास आधी रिकाम्या हातांनी दहा वेळा वाकून उठावे. दुखणे सैल पडत गेले तर हलके वजन घ्यावे, वाढत गेले तर त्या दिवशी घरी यावे.

डॉक्टरकडे गेल्यावर ‘कंबर दुखते’ एवढेच सांगून आपण गप्प बसतो. त्याऐवजी किती वाजता, काय उचलताना, कुठल्या बाजूला, पायात कुठपर्यंत आणि लघवी कशी होते, हे आपणहून सांगावे. आम्ही चपलेची गोष्ट तेव्हाही सांगितली नव्हती. ती डॉक्टरांनीच, दाराशी काढून ठेवलेल्या आमच्या चपलेचा घासलेला पुढचा भाग पाहून, काढून घेतली.