रेषेची शिस्त, रंगाची मोकळीक

यथार्थदर्शन, म्हणजे त्रिमित अवकाश सपाट कागदावर डोळ्याला दिसतो तसा मांडण्याची पद्धत, शिकवताना पहिली अडचण हाताची नसून पूर्वज्ञानाची असते. मडक्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असल्यामुळे विद्यार्थी समोर दिसणाऱ्या लंबवर्तुळाऐवजी गोलच काढतो, आणि बूड जमिनीवर टेकलेले असते म्हणून खालची कड सरळ रेषेने संपवतो. त्यामुळे कसलेला शिक्षक सूत्राआधी निरीक्षण शिकवतो: हात ताठ करून पेन्सिल आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि टेबलाची कड तिच्याशी किती कलते ते ताडून पाहायचे. त्यानंतरच क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवरची आडवी रेषा, आखली जाते. जमिनीला समांतर कडा दूर जाताना जिथे मिळाल्याचा भास होतो, तो लोपबिंदू याच रेषेवर असतो. तेच टेबल एकदा उभ्याने आणि एकदा जमिनीवर बसून काढवून घेतले, की पाहणाऱ्याची जागा बदलताच सारी रचना बदलते हे विद्यार्थ्याला स्वतःच्याच कागदावर दिसते.

इटालियन वास्तुकार अल्बर्टीने १४३५ मध्ये ग्रंथबद्ध केलेले यथार्थदर्शनाचे हे शास्त्र मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तववादी शिक्षणातून महाराष्ट्रात रुजले. तथापि केवळ अचूकतेवर थांबणारे शिक्षण अपुरे ठरते. म्हणून पुढच्या टप्प्यात ओल्या कागदावर जलरंग सोडून तो कितपत पसरू द्यायचा, कोरड्या कुंचल्याचा खरखरीत फटकारा कुठे ओढायचा आणि चाकूने जाड रंगाचे थर कसे चढवायचे, हे शिकवले जाते. येथे रंग वस्तूचे वर्णन करण्याऐवजी तिच्याविषयीचा भाव सांगू लागतो.

या दोन टप्प्यांत विरोध मानणे चुकीचे आहे. व्हॅन गॉगने हेगमध्ये असताना दोरे ताणलेली यथार्थदर्शनाची चौकट वापरून सराव केला होता, आणि आर्ल येथील शयनकक्षाच्या १८८८ च्या चित्रात खोलीच्या तिरकस भिंती व चढती जमीन दर्शकाला अस्वस्थ करतात. मुंकच्या ‘द स्क्रीम’मध्येही वेगाने मागे धावणारा कठडा आणि वळणारे आकाश यांच्या ताणातूनच भीती उभी राहते. त्यामुळे मोकळ्या शैलीतले चित्र तपासताना शिक्षकाने रेषा कुठे वाकली एवढेच न दाखवता ती का वाकवली हे विचारावे. त्याचे उत्तर विद्यार्थ्याला देता आले, तर यथार्थदर्शनाचा नियम त्याने आत्मसात केला आहे असे समजावे.