विश्लेषण : पन्हाळ्याचा 'सागरी भाऊ' खांदेरी, दीडशे वर्षांहून जुना दीपस्तंभ पाहायला कसे जाल?

'युनेस्को'ने जुलै 2025 मध्ये 12 मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कोल्हापूरकरांना त्यातला पन्हाळा पाठ आहे. पण याच यादीतल्या खांदेरीला फार थोडे जण गेले आहेत.

खांदेरी कुठे आहे?
अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यापासून समुद्रात सुमारे 5 किमीवर, मुंबईच्या दक्षिणेला. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले.

एवढ्याशा बेटासाठी लढाई का झाली?
जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेई. खांदेरी ताब्यात असेल तर या वाटेवर नजर राहणार होती. म्हणून 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकडे किल्ल्याचे काम सोपवले. इंग्रजांनी बेटाला वेढा घातला, पण मराठ्यांच्या छोट्या, चपळ होड्या रसद पोहोचवत राहिल्या. अखेर इंग्रजांनी माघार घेतली. नौदलाची 'आयएनएस खांदेरी' ही पाणबुडी याच बेटाचे नाव मिरवते.

दीपस्तंभ कधीचा?
1867 चा. अष्टकोनी मनोरा सुमारे 25 मीटर उंच आहे. प्रत्येक दीपस्तंभाच्या उघडझापीचा ताल वेगळा असतो. त्यावरून खलाशी रात्रीही आपण नेमके कुठे आहोत ते ओळखतात. आज जहाजांवर जीपीएस असते. पण यंत्र बंद पडले तर डोळ्यांना दिसणारा दिवाच कामी येतो.

कोल्हापुरातून कसे जायचे?
पुणे-पेणमार्गे अलिबाग, तिथून थळ. पुढे मच्छीमारांची होडी ठरवावी लागते. निघण्याआधी परवानगी आणि भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांकडे विचारून घ्या. लाइफ जॅकेट, पिण्याचे पाणी आणि खाण्याचे सोबत हवेच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा हा बेत आखू नका.

काय पाहाल?
तटबंदी, बुरूज, तोफा आणि कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर. समोरच उंदेरी दिसते. खांदेरीला शह देण्यासाठी सिद्दीने 1680 मध्ये तिथे ठाण मांडले होते.

काळजी कशाची?
पन्हाळ्यावर गाडी थेट गडापर्यंत जाते, कचराही गाडीनेच खाली येतो. खांदेरीवर टाकलेली बाटली होडीतूनच परत न्यावी लागते, नाहीतर ती समुद्रात जाते. वारशाच्या शिक्क्यामुळे गर्दी वाढेल. बेट लहान आहे आणि दीपस्तंभ आजही कामात आहे. त्यामुळे वर चढायचे की नाही, हे तेथील कर्मचारीच ठरवतात. त्यांचा शब्द मानावा.