पोटदुखी आणि कानामागचे यंत्र

सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळे नॉर्मल, तरी मुलाचे पोट महिनोन्‌महिने दुखतच असते. मग कुणीतरी म्हणते, ‘शाळा बुडवायचे निमित्त!’ हा समज चुकीचा आहे. दुखणे खरे असते. बिघाड आतडे आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांत असतो. फोडणीच्या धुरानेही आगीचा भोंगा ठणाणा वाजावा, तसे साधे गॅससुद्धा अशा मुलांना वेदना म्हणून जाणवतात.

चेता-उद्दीपन (नसांना सौम्य विद्युत्स्पंद देणे) हा भोंगा मंद करू पाहते. कानामागे छोटे यंत्र चिकटवून बारीक सुया कानाच्या त्वचेत बसवतात. तिथे व्हेगस नसेची (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस) एक शाखा पोहोचते. याला ‘शॉक’ म्हणणे बरोबर नाही. जाणवली तर थोडी मुंग्या आल्यासारखी झिणझिण. दर आठवड्याला 5 दिवस, असे साधारण 3 आठवडे ते लावतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत नकली यंत्र लावलेल्यांपेक्षा खरे यंत्र लावलेल्या किशोरांचे दुखणे जास्त कमी झाले. तिथल्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये 11 ते 18 वयोगटासाठी मंजुरी दिली. गुण सर्वांनाच येतो असे नाही.

मात्र वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होणे यांपैकी काहीही दिसले, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.