गिटारचे सर दोन गल्ल्या सोडून राहत होते, आम्हाला सापडायला तीन महिने लागले

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "ग्राहक आपल्याला शोधतो कसा" हा विषय घेतला. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही, म्हणून एक अख्खं उदाहरण इथे लिहितोय. उदाहरण गिटार क्लासचं आहे, पण तुम्ही शिवणकाम शिकवत असाल, योगा घेत असाल नाहीतर घरगुती डबे देत असाल, तरी हे शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मुलीला नऊ वर्षांची असताना गिटार शिकायचं खूळ लागलं. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. मला वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात गिटार शिकवणारा मिळायला काय वेळ लागतो? लागले तीन महिने. आणि शेवटी जे सर मिळाले ते आमच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर राहत होते. चौदा वर्षं शिकवत होते. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्याकडे फक्त सात विद्यार्थी उरले होते आणि ते क्लास बंद करून नोकरी बघत होते.

म्हणजे बघा. इकडे पैसे घेऊन तयार बसलेलं गिऱ्हाईक, तिकडे उत्तम शिकवणारा माणूस, मध्ये फक्त दोन गल्ल्या. तरी भेट होत नाही. धंदा बुडण्याचं हे कारण कुठल्याच हिशोबाच्या वहीत दिसत नाही.

आम्ही शोधलं कसं?

आधी मोबाईलवर "गिटार क्लास निअर मी" असं टाकलं. सात-आठ नावं आली. दोन नंबर बंद होते. एका ठिकाणी फोन उचलला आणि पहिलंच वाक्य, "फी तीन महिन्यांची ॲडव्हान्स लागेल." मुलगी किती वर्षांची, आधी काही वाजवलंय का, काहीच विचारलं नाही. एका क्लासने व्हॉट्सॲपवर लांबलचक माहितीपत्रक पाठवलं, त्यात वेळ आणि फी सोडून सगळं होतं.

मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. एक नाव मिळालं, तिथे महिनाभर पाठवलं. वीस मुलांची बॅच, सगळ्या वयाची. महिन्याने मुलगी म्हणाली, "बाबा, बोटं दुखतात, मला नाही जायचं." आम्हालाही वाटलं, संपलं खूळ.

सापडलं ते तिसऱ्याच वाटेने. तार तुटली म्हणून वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गिटार हातात घेतली आणि म्हणाला, "हिच्या तारा पट्टीपासून फार वर आहेत. मोठ्या माणसाची बोटंसुद्धा दुखतील. आणि पोरीच्या मानाने गिटार पण मोठी आहे." मग त्यानेच या सरांचा नंबर दिला.

सरांनी पहिल्या भेटीत फीचं नावही काढलं नाही. मुलीला कुठलं गाणं आवडतं ते विचारलं, तारांची उंची कमी करून घ्या म्हणाले, आणि जमलं तर पाऊण आकाराची गिटार बघा असं सुचवलं. अर्ध्या तासात तिच्याकडून ई मायनर वाजवून घेतला. दोन बोटांचा कॉर्ड, लगेच जमतो. पोरगी घरी येईपर्यंत हवेत तोच वाजवत होती.

गिऱ्हाईकाच्या मनात चालतं काय?

आता आपल्या कामाचं. मूल क्लासला घालणारे आई-बाप फोनवर "फी किती?" एवढंच विचारतात, कारण दुसरं काय विचारायचं ते त्यांना माहीत नसतं. मनात मात्र हे पाच प्रश्न असतात:

१. घरापासून किती लांब? शाळा आणि ट्यूशनच्या मध्ये बसेल का?
२. माझ्या मुलाला जमेल का, की महिन्यात सोडून देईल?
३. माणूस भरवशाचा आहे का? मूल तिथे एकटं सोडायचं आहे.
४. गिटार आधी घ्यायची का? कुठली? पैसे वाया तर नाही जाणार?
५. तीन-चार महिन्यांनी काय येत असेल?

फीचा नंबर यांच्यानंतर लागतो. या पाचांची उत्तरं मिळाली नाहीत की माणूस फीवर घासाघीस करतो, कारण तुलना करायला त्याच्याकडे तेवढाच एक आकडा असतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

सरांनी काय बदललं?

आमची ओळख झाल्यावर मी त्यांना म्हटलं, नोकरी शोधा, पण त्याआधी सहा महिने मला द्या. खर्च जवळजवळ शून्य होता.

*गुगलवर नाव लावलं.* गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. दुकान नसलं तरी चालतं. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन शिकवत असाल तर पत्ता लपवून फक्त तुमचा भाग दाखवता येतो. जवळपासचे निकाल दाखवताना गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय जुळतो का, अंतर किती, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत. म्हणून प्रकार नीट निवडा, वेळा भरा, खोलीचे खरे फोटो टाका आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांना अभिप्राय लिहायला सांगा. मात्र "रिव्ह्यू द्या, फीत सूट घ्या" असं करू नका. ते गुगलच्या नियमात बसत नाही आणि लोकांनाही वास येतो.

*एक मिनिटाचे तीन व्हिडिओ काढले.* स्वतःच्या वादनाचे नाहीत बरं का! सरांना आधी तेच काढायचे होते. पण सर किती भारी वाजवतात हे बघून आईला "माझ्या मुलाला जमेल" असं वाटत नाही, उलट भीती वाटते. म्हणून एक व्हिडिओ चार महिने शिकलेल्या मुलाचा, अडखळत वाजवणारा, पालकांची परवानगी घेऊन. दुसरा "गिटार घेताना काय बघायचं". तिसरा "बोटं दुखतात ते कधी थांबतं". सुरुवातीचे काही आठवडे दुखतातच, मग टोकाची कातडी घट्ट होते. हे आधीच सांगितलेलं मूल टिकतं.

*वाद्यांच्या दुकानाशी बोलून ठेवलं.* नवी गिटार घेणाऱ्या प्रत्येक माणसाला शिक्षक हवा असतो, आणि तो दुकानदारालाच विचारतो. सर आपल्या विद्यार्थ्यांना तारा, पिक, कॅपो घ्यायला तिथे पाठवतात. कमिशन दोघांनीही घ्यायचं नाही असं ठरलं. का? कारण कमिशन आलं की सर महागडी गिटार सुचवतात असा संशय येतो, आणि एकदा गेलेला भरवसा परत येत नाही.

*पहिला तास फुकट, पण ठरवून.* फुकट तासाला नुसती माहिती द्यायची नाही. मूल घरी जाताना काहीतरी वाजवून गेलं पाहिजे. ई मायनर पुरतो.

*दार उघडं.* लहान मुलांच्या तासाला खोलीचं दार उघडं राहील आणि पालक केव्हाही बसू शकतील, हे सरांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. कोणी विचारत नाही, पण ऐकून प्रत्येक आई निश्चिंत होते.

*सर्टिफिकेटचं खरं उत्तर.* "सर्टिफिकेट मिळतं का?" हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. क्लासने छापून दिलेला कागद वेगळा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या संस्थेची ग्रेड परीक्षा वेगळी. तिथे इनिशियल आणि पुढे १ ते ८ ग्रेड असतात, परीक्षेची फी वेगळी भरावी लागते. ज्याला फक्त चार गाणी वाजवायची आहेत त्याला परीक्षेची गरज नाही, हेही सर तोंडावर सांगतात.

नवा विद्यार्थी की टिकलेला विद्यार्थी?

जरा हिशोब करू. फी महिना १,५०० रुपये आणि जागा २० धरू. भरलेल्या क्लासचे महिन्याला ३०,००० होतात. मूल तीन महिन्यांत गळलं तर त्याच्याकडून ४,५०० मिळाले. अठरा महिने टिकलं तर २७,०००. शिकवणारा तोच, खोली तीच.

आणखी पुढे बघा. प्रत्येक जण तीनच महिने टिकला, तर वीस जागा वर्षभर भरलेल्या ठेवायला ८० नवे प्रवेश हवेत. अठरा महिने टिकला तर १३-१४ पुरतात. एका भागातून दरवर्षी ८० मुलं आणायची कुठून? जाहिरात कितीही करा, तळाला भोक असलेली बादली भरत नाही.

गिटारमध्ये गळती कुठे होते हे सरांना पाठ होतं: एफ कॉर्ड. त्यात पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं. तोपर्यंत सोप्या कॉर्डवर गाणी वाजत असतात आणि अचानक काहीच वाजेनासं होतं. मुलाला वाटतं, आपल्यात कला नाही. सरांनी दोन गोष्टी केल्या. एफ यायच्या आधीच पालकांना सांगायला लागले की आता दीड-दोन महिने पोरगं चिडचिड करेल, ते नॉर्मल आहे. आणि त्या काळात एफ टाळून, सोप्या कॉर्डवर आणि कॅपो लावून वाजणारी गाणीही चालू ठेवली.

दुसरी गळती परीक्षांच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा "सोडू नका, आठवड्याला एकच तास या, अर्धी फी द्या" असा पर्याय ठेवला. एप्रिल-मेच्या सुट्टीत नवी मुलं येतात, आणि गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर दोन गाणी वाजवायची हे ठरलेलं. समोर अख्खी सोसायटी बसलेली असते. त्याच्याइतकी चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

कागदपत्रं, थोडक्यात

घाबरू नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारच्या आधारे फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. फीचे पैसे यूपीआयने वेगळ्या खात्यात घ्या, घरखर्चात मिसळू नका.

मग झालं काय?

चमत्कार झाला नाही. पहिले दोन महिने एकच प्रवेश आला आणि सर मला टाळायला लागले होते. सहा महिन्यांनी सातचे पंधरा झाले. नोकरीचा विषय मागे पडला. मोठी गोष्ट अशी की जुन्या सातांपैकी सहा अजून आहेत. माझी मुलगी आता एफ वाजवते. स्वच्छ वाजत नाही, पण वाजवते.

या आठवड्याचा गृहपाठ

१. स्वतःच्या व्यवसायाचं गिऱ्हाईक व्हा. दुसऱ्याच्या मोबाईलवरून आपला व्यवसाय शोधा. किती वेळात सापडतो?
२. गिऱ्हाईकाच्या मनातले पाच प्रश्न लिहा आणि त्यांची उत्तरं आपल्या प्रोफाइलवर आहेत का तपासा.
३. तुमच्या धंद्यातला "एफ कॉर्ड" शोधा. लोक नेमके कुठे सोडून जातात?
४. तुमच्या आधी गिऱ्हाईक कोणाच्या दुकानात जातं? त्या माणसाला या आठवड्यात भेटा.

तुम्हाला शोधणारा माणूस कदाचित दोन गल्ल्या सोडूनच राहत असेल. त्याला तीन महिने लावू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.